मीटर जमिनीवरच सुरू होतं: इंदूर ते महेश्वर, चार आसनी विमानातून

इंदूरच्या विमानतळावर तीन सकाळी घालवल्या आणि त्यातून हवेत राहिलो एक तास पाच मिनिटं. हा हिशेब आधीच सांगून टाकतो, कारण शनिवारी जाऊन रविवारी परतायच्या बेताने कुणी निघणार असेल तर निघू नये.

भाची इंदूरच्याच राजेंद्र नगरची. गेल्या वर्षी तिला खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला आणि तेव्हापासून "मामा, तू कधी येतोस?" चालू होतं. डिसेंबरात चार दिवस काढले. बेत असा: फ्लाइंग क्लबचं चार आसनी सेस्ना १७२ तासाच्या भाड्याने घ्यायचं, यशवंत सागरावरून मांडू, तिथून महेश्वर आणि परत इंदूर.

पहिली सकाळ धुरकटात गेली. हे उड्डाण नजरेच्या भरवशावरचं, त्यामुळे पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसायला हवं असा नियम आहे. विमानतळाचा नियंत्रण टॉवर सांगत होता साडेतीनच किलोमीटर. साडेदहाला आकाश मोकळं झालं, पण तोवर विमान एका विद्यार्थ्याच्या नावावर लागलेलं. तेव्हा हिवाळ्यात जाणाऱ्यांनी पहाटेची वेळ मागूच नये, अकराच्या सुमाराची घ्यावी. एप्रिल-मेमध्ये मात्र नेमकं उलटं: सूर्य उगवताच निघायचं, कारण दहानंतर तापलेली जमीन विमानाला सुपात घालून पाखडते.

दुसऱ्या दिवशी हवा लख्ख. पट्ट्या बांधल्या, इंजिन सुरू झालं, धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन भाचीने इंजिनाचे फेरे वाढवले. या इंजिनात ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन असतात. एकेक बंद करून दुसऱ्यावर इंजिन कसं चालतं ते बघायचं. फेरे थोडे उतरतात, पण मिनिटामागे दीडशेने उतरले तर गडबड. तिने पुन्हा करून पाहिलं आणि काही न बोलता विमान वळवलं. स्पार्क प्लगवर काजळी धरली होती. मी मनातून खट्टू झालो होतो, हे कबूल करतो. ती मात्र बाजारात भाजी चांगली नाही म्हणून परत यावं इतक्या सहज उतरली. जमिनीवरची ती बारा मिनिटं बिलात धरायची की नाही यावर क्लबच्या टेबलापाशी थोडी हुज्जत झाली. शेवटी धरली नाहीत. हे आधीच विचारून ठेवा.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच सगळं: पास, सुरक्षा तपासणी, श्वासाची चाचणी. वैमानिकाने आधीचे बारा तास दारूला शिवायचं नसतं, हे ठाऊक होतं. पण अल्कोहोल असलेला माउथवॉशही चालत नाही, हे मला नवं. त्यानंतर तिने पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक नळीत थोडं इंधन काढलं आणि उन्हासमोर धरलं. रंग फिका निळा. तळाशी पाण्याचा थेंब असेल तर वेगळा दिसतो. नव्हता. मग पंखावर चढून टाकीत पट्टी बुडवली, किती भिजली ते पाहिलं. "काटा खोटं बोलू शकतो, पट्टी नाही," म्हणाली. हे निळं इंधन म्हणजे एव्हगॅस; जेट विमानांचं वेगळं असतं. आधी ते आयात व्हायचं. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत बनलेलं बाजारात आणलं. तरी छोट्या धावपट्ट्यांवर ते सरसकट मिळत नाही. म्हणून जाऊन-येऊन पुरेल एवढं इथूनच भरायचं, आणि म्हणूनच माणसं कमी घ्यायची. आसनं चार असली तरी भरल्या टाकीवर चार धडधाकट माणसं बसत नाहीत. वजन विचारतील तेव्हा खरं सांगा. मी तीन किलो कमी सांगितलं आणि भाचीने माझ्याकडे नुसतं बघितलं.

आता पैशांचं. आमचा दर ताशी सोळा हजार. पण तास मोजतात तो विमान जागेवरून हललं तिथपासून परत येऊन थांबेपर्यंत, हवेतला नव्हे. इंदूरची धावपट्टी २७५० मीटरची; आमच्या विमानाला त्यातली चार-पाचशे पुरे. पण तिच्यावर मोठी विमानं उतरतात आणि त्यांच्यामागे हवेत भोवरे राहतात, म्हणून मागच्या छोट्याला थांबवून ठेवतात. दोन एअरबस उतरल्या, एक उडाली, आणि आम्ही इंजिन चालू ठेवून चौदा मिनिटं उभे. म्हणजे सुमारे ३७०० रुपये नुसते उभं राहण्याचे. तेवढ्यात सराफ्याच्या खाऊगल्लीत सगळं घर दोनदा जेवलं असतं. एकूण मीटर पडलं दीड तास, बिल २४ हजार.

ते मी देतो म्हटलं, तर भाचीने हात जोडले. खासगी परवान्यावर उड्डाणाचा मोबदला घेता येत नाही. तो घ्यायचा तर व्यावसायिक परवाना हवा आणि त्याला २०० तास. मग तिला महेश्वरी साडी घेतली. दाजी म्हणाले, "हे भाडंच की!" वाढदिवस फेब्रुवारीत आहे, एवढंच मी सांगितलं.

उड्डाण. बिजासनची टेकडी मागे पडली, यशवंत सागराचं पाणी चकाकलं, महूच्या लष्करी छावणीला लांबूनच वळसा. उंचीचा काटा ४५०० फुटांवर, पण तो मोजतो समुद्रसपाटीपासून. इंदूरचं विमानतळच साडेअठराशे फुटांवर आहे, त्यामुळे शेतं हाताशी वाटतात. मांडूला जहाज महालाच्या दोन्ही बाजूंचे तलाव ओळखू येतात. वरून पाहिलं की महालाला जहाज का म्हणतात ते सांगावं लागत नाही. त्यापुढे रूपमती मंडप, आणि तिथे पठार संपतं. काटा ४५०० वरच, पण जमीन पायाखालून निघून जाते. पोटात खड्डा पडतो तो विमान खाली गेल्याने नव्हे, निमाड, म्हणजे पठाराखालचा नर्मदेकाठचा मुलूख, खाली गेल्याने. कड्यावरून वर चढणाऱ्या हवेने दोन धक्के दिले, मी दाराची कडी पकडली. "मामा, ते दार आहे," भाची म्हणाली.

महेश्वरला नर्मदेच्या मधोमध बाणेश्वराचं देऊळ आणि अहिल्याबाईंचा घाट. वस्तीवरून जाताना हजार फुटांचं अंतर राखायलाच लागतं. आम्ही त्याहून बरेच वर होतो. एक डावी फेरी मारली. डाव्या फेरीत डाव्या बाजूच्याला घाट दिसतो आणि उजव्याला आभाळ, म्हणून दुसरी उजवी मागून घ्या. मी मागितली.

शिकायचंच असेल तर विद्यार्थी परवान्याला वय १६ आणि दहावी पास. खासगी परवान्याला १७, किमान ४० तासांचं उड्डाण, लेखी परीक्षेत ७० टक्के, वैद्यकीय तपासणी आणि रेडिओचा वेगळा परवाना. ताशी सोळाच्या हिशेबाने चाळीस तासांचे ६ लाख ४० हजार. दोन आसनी विमानावर कमी लागतात. पण चाळिसात क्वचितच कुणाचं भागतं. भाचीला अठ्ठावन्न लागले. माझं मत विचाराल तर शिकण्यासाठी इंदूरपेक्षा सागरजवळचं ढाणा, शिरपूर, बारामती अशी ठिकाणं बघावीत. दर तेवढाच असला तरी एअरबसमागे उभं राहण्याचे पैसे पडत नाहीत. मोठ्या विमानतळावर टॉवरशी बोलायची सवय लवकर होते, हेही खरं. भाची तर त्याच बाजूची आहे.

पोहे-जलेबी उतरल्यावर खा, आधी नको. विमानात संडास नाही. आणि पाससाठी मूळ ओळखपत्रच न्या. मी झेरॉक्स नेली होती, धुरकट असो वा नसो, पहिल्या दिवशीचा पहिला तास तिच्यातच गेला.