बंदुकीच्या मशीनची मोटर आणि माझे 23 दिवस

परदेशातून कुठल्याही जुन्या यंत्राचा सुटा भाग मागवणार असाल, तर आधी आपल्या आधार कार्डावर गावाचं नाव काय छापलंय ते बघा. मी बघितलं नव्हतं. त्यापायी एक मूठभर मोटर 23 दिवस मुंबईत पडून राहिली, आणि ते आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं.

मोटर कशाची, ते सांगते. माझे मामा जत्रांमध्ये स्टॉल लावायचे. माळेगाव, पैठणची नाथषष्ठी, लातूरचा सिद्धेश्वर. फुगे फोडायची बंदूक सगळ्यांकडे असायची, पण मामांकडे शिकागोत बनलेलं, मुंबईत भंगारातून उचललेलं पुरुषभर उंचीचं मशीन होतं. नाणं टाकलं की काचेआड बदकं पळायला लागायची. हा व्हिडिओ गेम नव्हे. आत चिप नाही की टीव्हीचा पडदा नाही. बदकं पत्र्याची, पेटीच्या तळाशी दडवलेली, आणि तिरप्या आरशामुळे लांबवर पळताना दिसणारी. बंदुकीच्या दांड्याला आतून पितळी बोटं जोडलेली असतात, ती बेकेलाइटच्या पाटीवरच्या रिव्हेटांवरून घासत फिरतात. बदकाच्या गाड्यालाही तशीच बोटं. चाप ओढला त्या क्षणी दोन्हीकडची बोटं जोडीच्या रिव्हेटांवर असली तर सर्किट पुरं होतं, रिले, म्हणजे विजेने चालणारा खटका, खट्कन ओढला जातो आणि गुणांचं चाक एक घर पुढं सरकतं. लहानपणी मी मशीनच्या मागे बसून खेळापेक्षा हा खटखटाटच ऐकायचे.

सेगा या जपानी कंपनीच्या 1966 च्या ‘पेरिस्कोप’ या मशीनपासून दहा-बारा वर्षं अशा मशीनांचा जोर होता. मग व्हिडिओ गेम आले आणि ही भंगारात गेली. ‘मेम’ हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची कॉम्प्युटरवर हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, 1997 पासून हजारो आर्केड गेम जपतोय, पण त्याला चिपमधला प्रोग्रॅम लागतो. आमच्या मशीनचा प्रोग्रॅम म्हणजे तारा, रिले आणि मोटरवर फिरणारे कॅम, म्हणजे खाचा पाडलेल्या चकत्या. ते मोजून, कागदावर उतरवून, मग कॉम्प्युटरवर पुन्हा उभे करायचे, एवढा एकच मार्ग. मामा मशीन भंगारवाल्याला द्यायला निघाले तेव्हा मी टेम्पो करून ते घरी आणलं.

वायरिंगचा नकाशा काढायला दोन महिने संध्याकाळी बसले. मल्टिमीटर, आलेख कागद आणि प्रत्येक तारेला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. ते काम सुरळीत झालं. अडलं ते टायमरच्या मोटरपाशी. वाइंडिंग जळालेलं. आमच्याकडच्या वाइंडिंगवाल्याने भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, “ताई, ही तार केसाहून बारीक. माझ्या मशीनवर तुटंल.” शेवटी अमेरिकेतल्या एका निवृत्त मेकॅनिककडे तीच मोटर मिळाली. त्या भल्या माणसाने दुसऱ्या दिवशी पार्सल टाकलं.

आठव्या दिवशी मेसेज आला: केवायसी अपूर्ण. आधारच्या दोन्ही बाजू अपलोड केल्या. तीन दिवसांनी उत्तर: पत्ता जुळत नाही. पुन्हा अपलोड, पुन्हा तीन दिवस, पुन्हा तेच. फोन लावला तर पंचवीस मिनिटं संगीत, आणि मग, “मॅडम, औरंगाबाद बिहारमधलं ना?” पिनकोड 431 ने सुरू होतोय हे मी तीनदा सांगितलं. तेव्हा कुठे कळलं की पार्सलवर औरंगाबाद आहे आणि माझ्या आधारवर छत्रपती संभाजीनगर. पाठवणाऱ्याच्या यादीत जुनंच नाव होतं, त्यात त्याचा काय दोष? पण रोज या शहराची पार्सलं हाताळणाऱ्या कुरिअर कंपनीला नामांतर माहीत नसावं, हे मला आजही पटत नाही.

ते निस्तरतंय तोवर दुसरं. पाठवणाऱ्याने वर्णनात प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘गन गेम टायमर मोटर’. त्यातला ‘गन’ शब्द कुणीतरी वाचला. हा शस्त्राचा भाग नाही, असं लिहून द्या म्हणाले. दिलं. मग हे जुगाराचं यंत्र आहे का, विचारलं. नाही, हेही लिहून दिलं. मग कस्टमचा कोड, म्हणजे माल कुठल्या प्रकारात धरायचा तो आकडा. त्यांनी नाण्यावर चालणाऱ्या खेळांचा 9504 लावला होता. मी रात्री बसून आयात शुल्काचं प्रकरण 95 वाचून काढलं. त्याच्या सुरुवातीच्या टिपेतच लिहिलंय की विजेच्या मोटरी इथे धरायच्या नाहीत, त्या 8501 मध्ये. त्या ओळीखाली रेघ मारून फोटो पाठवला. सोबत 2023 च्या नामांतराची अधिसूचना आणि ‘दोन्ही नावं एकाच शहराची’ असं सही केलेलं पत्र. चौथ्या दिवशी पार्सल सुटलं. वर गोदामाचं भाडं माझ्याकडूनच घेतलं. ती पावती मी जपून ठेवली आहे.

तेव्हा पाठवणाऱ्याला दोन्ही नावं आणि पिनकोड लिहायला सांगा, वर्णनात फक्त ‘छोटी विजेची मोटर’ म्हणा, आणि अधिसूचनेची प्रत पहिल्याच अपलोडला जोडा. आणि हो, रिलेच्या चांदीच्या कॉन्टॅक्टवर पॉलिश पेपर कधीही घासू नका. व्हिजिटिंग कार्डाचा कोरा तुकडा मधे धरून ओढला की काळपट थर निघतो. कॉइलच्या नळीत तेल घालू नका, चिकटा धरून दांडा अडकतो.

मोटर बसवली. मशीन 115 व्होल्टचं, म्हणून मधे ट्रान्सफॉर्मर. मोटरवर छापलंय: मिनिटाला एक फेरा, 60 हर्ट्झ. एक फेरा म्हणजे एक डाव. स्टॉपवॉच लावलं तर डाव 72 सेकंदांचा भरला. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ (विजेचे सेकंदाला होणारे हेलकावे) नाही, आणि या मोटरचा वेग हर्ट्झवरच ठरतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून मोटर एक षष्ठांश हळू चालते आणि बदकंही तेवढीच हळू पळतात. म्हणजे शिकागोतल्या पोरांना 60 सेकंद मिळत होते, माळेगावच्या पोरांना 72.

एम्युलेटरमध्ये कोणता वेग ठेवायचा, यावर मी आठवडाभर अडून होते. मामांना लॅपटॉपसमोर बसवलं. 60 वर त्यांचे सगळे नेम चुकले. 72 वर दहातली सहा बदकं पडली, तरी ते मान हलवत राहिले. “जत्रंत आपुन जनरेटरवर होतो, पोरी. आकाशपाळणा सुरू झाला की जनरेटर दमायचा अन् बदकंबी दमायची. पोरं त्याच टायमाला नाणं टाकायची.”

बरोबरच होतं. लोड आला की इंजिनचे फेरे पडतात, हर्ट्झ पडतात, मोटर मंदावते. हे कुठल्याच सर्किटच्या नकाशात नाही. मी कोडमध्ये तीन वेग ठेवले: शिकागो, घरची वीज आणि जत्रा. जत्रेच्या वेगात मधूनमधून पाळणा सुरू होतो आणि बदकं रेंगाळतात. किती रेंगाळायची, ते आकडे मामा रोज संध्याकाळी फोनवर दुरुस्त करून देतायत.