मेंढी आपलं कोकरू ओळखते कशी?

"डॉक्टरबाई, एवढ्या कळपात हिला आपलंच कोकरू कसं कळतं?" निपाणी-चिकोडीकडं रिकाम्या रानात खतासाठी मेंढरं बसवली, की हा प्रश्न मला कुणी मराठीत विचारतं, कुणी कन्नडात. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

लांबून मेंढी आवाजावर आणि तोंडावळ्यावर ओळखते. पाजायचं की नाही, हे मात्र नाक ठरवतं. कोकरू कासेला लागलं, की ती मान वळवून त्याचं शेपटाखालचं अंग हुंगते. वास परका असेल तर ढुशी बसलीच.

नाकात वर, आतल्या अस्तरात वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांचे तंतू कवटीच्या सच्छिद्र हाडातून गंधकंदात, म्हणजे वासाचा निरोप घेणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागात, जातात आणि तिथून संदेश गंधाच्या बाह्यकात (वास ओळखणाऱ्या मेंदूच्या थरात) नि अमिग्डालात (भावनांशी जोडलेल्या भागात) पोचतो. डोळ्यांचा, कानांचा निरोप आधी थॅलॅमसमध्ये, म्हणजे निरोप पुढं धाडणाऱ्या मेंदूतल्या ठाण्यात, थांबतो. वासाला तो थांबा नाही.

पण नुसत्या तीक्ष्ण नाकानं हे होत नाही. एरवी हीच मेंढी गर्भजलाच्या वासानं मागं सरते, आणि व्याली की तेच चाटत बसते! कोकरू बाहेर येताना गर्भाशयाच्या तोंडावर आणि जन्ममार्गावर ताण येतो. तो निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूत पोचतो, तिथं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, गंधकंदात चेतापेशींचा निरोप नेणारं नॉरअॅड्रेनलिन वाढतं. केंड्रिक, लेव्ही आणि केव्हर्न या संशोधकांनी 1992 साली 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात दाखवलं, की व्यायच्या आधी गंधकंदातल्या पेशी मुख्यतः चाऱ्याच्या वासाला दाद देतात; व्याल्यावर कोकराच्या वासाला दाद देणाऱ्या पेशी कितीतरी वाढतात, आणि त्यांतल्या काही तर स्वतःच्याच कोकराला जास्त. म्हणजे आई होताना तिच्या मेंदूतली वासाची वाटच नव्यानं आखली जाते. इतकी वर्षं मेंढ्या सोडवतेय, तरी याचं नवल मला अजून वाटतं.

ही आखणी पहिल्या दोन-तीन तासांत उरकते. म्हणून मी कळकळीनं सांगते: थंडीत मायेपोटी तुम्ही कोकरू पोत्यानं पुसता, घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी नेता, आणि नेमका तोच वेळ हातचा जातो. नाक-तोंड मोकळं करा, श्वास चालू आहे ना बघा, आणि कोकरू तिच्या तोंडापुढं ठेवा. चाटून कोरडं करायचं काम तिचं. अगदीच गारठलं असेल तर ऊब द्या, पण तिच्या नजरेसमोर.

आई मेलेलं कोकरू दुसरीला लावायचं असेल, तर नुकती व्यालेली मेंढी शोधा आणि तिचंच गर्भजल त्याच्या अंगाला चोळा. मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्याच्या अंगावर घालायची युक्ती मेंढपाळांत जगभर आहे, तीही याच वासावर चालते. उशीर झाला असेल तर कोकरू बाटलीवर वाढवायची तयारी ठेवा.

पोट फाडून कोकरू काढावं लागलं, तर जन्ममार्गावर पुरेसा ताण आलेलाच नसतो. अशा वेळी मी गर्भजल मेंढीच्या नाकाला लावते आणि ती चाटायला लागेपर्यंत थांबते. त्यातून ती पहिलटकरीण असली, तर मालकाला वाघर (मेंढरांभोवती लावायची जाळी) आडवी बांधून दोघांना रात्रभर कळपापासून वेगळं ठेवायला सांगते.