आमची वाटचाल: परळची खोली ते कर्जतची वरकस

२०११ साली परळच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मी आणि माझ्या भागीदाराने संगणकावर नकाशे करायचं काम सुरू केलं. दोन जुने संगणक, गार्मिनचा हातातला जीपीएस आणि मोठे नकाशे छापायला हप्त्यावर घेतलेला ४२ इंची प्लॉटर, एवढंच भांडवल. सॉफ्टवेअर क्यूजीआयएस आणि ग्रास, नकाशे करायची दोन्ही मोफत. परवान्याचं सॉफ्टवेअर घ्यायचं तर वर्षाच्या भाड्याहून जास्त पैसे लागले असते. ग्रास हे काही हौशी पोरांचं काम नव्हे, अमेरिकी लष्कराच्या संशोधन केंद्रात १९८०च्या दशकात ते लिहिलं गेलं, हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायचो. समोरून हमखास यायचं, "म्हणजे फुकटचंच ना?" तो शब्द मला आजही लागतो.

मातीच्या धुपीचं पहिलं काम कर्जत तालुक्यातल्या एका पाणलोट समितीने दिलं. समितीचे अण्णा पंचाहत्तरीला टेकलेले. आम्ही आरयूएसएलई लावलं, म्हणजे पाऊस, माती, उतार, पीक आणि बांधबंदिस्ती यांवरून धूप काढायचं सूत्र. पाचही थर गुणले आणि प्रिंट त्यांच्या ओटीवर पसरला. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, जास्त धूप दाखवणाऱ्या लाल पट्ट्यावर बोट ठेवलं. "हे माझं भाताचं खाचर. डोंगरातली माती वाहून येते ती इथेच बसते. इथून ती जाईल कशी? धुपतं ते वरकस."

त्यांचं बरोबर होतं. पिकाचा घटक काढायला मी मे महिन्याची उपग्रह प्रतिमा घेतली होती, कारण ती ढगांशिवाय मिळते. मेमध्ये खाचर उघडं पडलेलं असतं. खरी धूप होते जून ते सप्टेंबरात, आणि नेमक्या तेव्हा कोकणावर ढग बसलेले असतात. पुढचे दोन दिवस जीपीएस घेऊन आम्ही बांध चाललो. बांधांचा थर वेगळा केला आणि पीक उभं असतानाची ऑक्टोबरची प्रतिमा वापरली. खाचरं हिरवी झाली. नाचणी-वरीचा वरचा उतार, म्हणजे वरकस, लाल झाला. अण्णा म्हणाले, "आता हा माझ्या गावाचा नकाशा."

२०१७ मध्ये आम्ही जवळजवळ बुडालो. एका कार्यालयाच्या निविदेत एका परवान्याच्या सॉफ्टवेअरचं नाव घालूनच अट आली आणि आम्ही दारातच बाद झालो. काम अंधेरीच्या एका मोठ्या कन्सल्टन्सीला गेलं. आम्ही तीन वर्षं शिकवलेला मुलगाही तिकडे गेला, आमचा पिकांच्या मूल्यांचा तक्ता बरोबर घेऊन. तो तक्ता एकेक शेत बघून केला होता.

त्यांचा नकाशा मी नंतर पाहिला. गुळगुळीत कागद, आणि प्रत्येक नाला रक्तासारखा लाल. नकाशातल्या नाल्याच्या चौकोनात वरच्या सगळ्या डोंगराचं पाणी जमा होतं, त्यामुळे उताराच्या लांबीला मर्यादा घातली नाही तर एलएस, म्हणजे सूत्रातला उताराचा घटक, वाटेल तेवढा वाढतो. हे सूत्र सालकाढी (पातळ थराने माती जाते ती) आणि ओघळपाडी (बारीक ओघळींतून जाते ती) धुपीचं आहे, नाल्याला ते लावायचंच नसतं. मी चार पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तो नकाशा मंजूर झाला, हे मी अजून विसरलेलो नाही.

नऊ महिने काम नव्हतं. प्लॉटर विकला. भागीदाराने पुण्यात नोकरी धरली. त्याच्या घरी तान्हं मूल होतं, त्याला मी काय बोलणार? त्याच सुमारास एका दुपारी अण्णा कर्जत लोकलने आले. पिशवीत पाच किलो तांदूळ आणि चाळीस हजारांचा चेक. कुठलं काम, विचारलं, तर म्हणाले, "शेजारच्या दोन वाड्यांचं. सावकाश करा."

त्या चाळीस हजारांवर आम्ही उभे राहिलो. पुढची वर्षं बरी गेली.

या धंद्यात येणाऱ्या मुलांना दोन गोष्टी सांगतो. डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा संगणकी नकाशा, अक्षांश-रेखांशात असताना उतार काढू नका. आधी ३२६४३ या क्रमांकाच्या नकाशा-प्रक्षेपणात न्या, म्हणजे मोजमाप मीटरात येईल, मग त्या नकाशातले खोटे खड्डे भरा, मग उतार. आणि धुपीचा टन प्रति हेक्टरचा आकडा दशांशापर्यंत छापू नका. मातीचा नकाशा अडीच लाखाला एक या मापाचा असेल तर तो दशांश कुठून आणलात? गिऱ्हाईकाला प्राधान्यक्रम द्या, आधी कुठला उतार, मग कुठला. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच उंचीवरचे चर, त्या क्रमाने खणता येतात.

अण्णांनी वरकसावर चर खणून घेतले ते आमच्याच क्रमाने. तेव्हापासून दर वर्षी पहिल्या मोठ्या पावसात ते खालच्या नाल्याचं पाणी बाटलीत भरतात, गाळ बसू देतात आणि पेनाने रेघ मारतात. हे मोजमाप शास्त्रात बसत नाही, त्यांनाही ते माहीत आहे. बाटल्या ते मला पाठवतात. प्लॉटर असायचा त्या टेबलावर आज सहा ओळीने उभ्या आहेत, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात साल लिहिलेलं.