आणि एक

दिंडीच्या यादीत बाबांनी स्वतःचं नाव लिहून दिलं, त्याखाली आत्याचं, आणि शेवटी 'आणि एक'. चालकांनी विचारलं, एक म्हणजे कोण? बाबा म्हणाले, घरचंच आहे. भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, मात्र तिघांचीही पूर्ण भरली. मी शेजारीच उभा होतो. भांडावंसं वाटलं, पण आळंदीत गर्दी इतकी की भांडायलाही जागा नव्हती.

हे 2023 च्या वारीचं. त्या वर्षी पाऊस लांबला होता. पुणं कोरडं, दिवेघाट कोरडा, जेजुरीला भंडाऱ्याचा चिखल व्हायचा तो उडून डोळ्यांत गेला.

आधी कितीतरी वेळा आलोय मी. पण तेव्हा विण्याच्या मागे, बायकांत, आत्याच्या हाताशी, डोक्यावर तुळस. यंदा पताकांच्या मागे टाळकऱ्यांत उभा राहिलो. आमच्या दिंडीत विणेकऱ्याच्या पुढून मागे जायला पाच पावलं लागतात, मला मागून पुढे यायला जवळजवळ दहा वर्षं लागली. कोणी अडवलं नाही. बाबा माझ्यापुढच्याच ओळीत होते, त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पावली चुकली की मात्र टाळ जरा जोरात वाजवायचे. ते माझ्यासाठी होतं की माझ्या शेजारच्या साताऱ्याच्या पोरासाठी, कळायला मार्ग नाही.

पुरुषी हार्मोन सुरू केल्यापासून आवाज उतरलाय. पहाटे काकड्याला ठीक लागतो, पण हरिपाठात वरच्या चालीला मध्येच फाटतो. साताऱ्याचा पोरगा हसला आणि म्हणाला, घसा बसला का भावा? आयुष्यात इतकं आनंदाने मी घसा बसल्याचं कबूल केलेलं नाही.

आंघोळीचं मात्र अवघड होतं. पुरुष टँकरच्या नळाखाली उघड्यावर बसतात, चड्डीवर, हसत-खिदळत. मी अडीचला उठायचो आणि फिरत्या शौचालयात बादली घेऊन कडी लावायचो. छातीला बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून आवळून घालायचा पट्टा. तो आठ तासांच्या वर घालू नये म्हणतात. मी तो पहाटे तीनला चढवायचो आणि रात्री कीर्तन संपून अंधार झाल्यावर पांघरुणाखाली काढायचो. एकदा त्या शौचालयांच्या रांगेत उभा होतो तर आत्याने लांबून माझं जुनं नाव घेऊन हाक मारली. रांगेतले सगळे पुरुष वळून कोणती बाई आली ते बघायला लागले. मीही वळून बघितलं.

नीरा, लोणंद, तरडगावचं उभं रिंगण, फलटण. हे दिवस माझ्या डोक्यात एकात एक मिसळलेत.

बरडहून नातेपुत्याकडे जातानाची दुपार तेवढी लख्ख आहे. पालखी मार्गाचा महामार्ग झाला, नंबर पडला 965, रस्ता रुंद झाला आणि कडेची झाडं गेली. काँक्रीट खालून भाजतं. धर्मपुरीच्या पुढे उजव्या टाचेचा फोड आणि अंगठ्याखालचा फोड एक झाले. श्वास वरच्या वर यायला लागला. दिंडी पुढे गेली. बाबाही गेले. एक बाभूळ उरली होती, तिच्याखाली बसलो.

तिथे परभणीकडची एक म्हातारी आधीच बसलेली. मला पाहून आधी तंबाखू मागितली. नाही म्हटल्यावर, "मग काय कामाचा तू," म्हणाली. मग पाय बघितला. चंचीतून सुई काढली, पांढरा दोरा ओवला, फोडाच्या या कडेने घालून त्या कडेने बाहेर काढला आणि दोन्हीकडे बोटभर सोडून तोडला. "दोरा काढू नगं. पानी त्येच्यातून जातंय." वर तेल-हळद. मी ओरडलो तर मांडीवर चापट.

आणि बोलणं अखंड. जावयाने विहीर काढली, पाणी लागलं नाही, कर्ज लागलं. लगीन झालंय का रं? का न्हाई? कितवी शिकलास? मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं, पण पाय तिच्या मांडीवर.

मग ती एकदम थांबली. "धाप का लागायलीय तुला? सदरा काढ की, वारं लागू दे." मी नको म्हणालो. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, छातीकडे नाही. मग नवऱ्याला म्हणाली, "अवो, पानी आना जावा. गडबड करू नगा." तो गेला. तिने गाठोड्यातलं वाळत घालायचं नऊवारी लुगडं काढलं, एक टोक बाभळीला बांधलं, दुसरं हातात धरलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली. "आत हो. कोनी बगत न्हाई."

बाइंडर काढला. दुपारी, उघड्या रानात, लुगड्याआड. बरगड्यांवर लाल वळ उठले होते. रस्त्यावरून दिंड्या जात होत्या, ज्ञानोबा-तुकाराम चाललं होतं, आणि ती जावयाच्या विहिरीचं उरलेलं सांगत होती. एका वारकऱ्याने सावलीला यायला बघितलं तर म्हणाली, "फुडं व्हा माउली, भाचा आंग पुसायलाय." तिला काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. मी रडलो. तिने ऐकलं असणार. विहीर थांबली नाही.

सदरा घातल्यावर तिने ते गाठोडं माझ्या डोक्यावर ठेवलं. "नातेपुत्यापातूर घे." त्यात काय भरलं होतं पांडुरंगालाच ठाऊक, पाटा-वरवंटा असावा. शिव्या घालतच मी ते नेलं. मुक्कामाला तिने गाठोडं घेतलं, मी तिच्या पाया पडलो, ती माझ्या पडली आणि गर्दीत गेली. नावही विचारायचं राहिलं.

त्या रात्री तंबूत बाबांनी माझा पाय पाहिला. दोरा पाहिला. "कुणी घातला?" एवढंच. मग बऱ्याच वेळाने, "तुझ्या त्या कागदाचं काय झालं?"

तो कागद माझ्या मोबाईलमध्ये होता. जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सांगितलं की पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे माणसाने स्वतः ठरवावं, शस्त्रक्रियेची अट घालू नये. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या कायद्याने त्याच्या दोन पायऱ्या केल्या. आधी प्रतिज्ञापत्र देऊन 'ट्रान्सजेंडर' असं प्रमाणपत्र घ्यायचं, त्याला तेव्हा वैद्यकीय तपासणी लागत नव्हती. 'पुरुष' लिहून हवं असेल तर शस्त्रक्रिया करून, रुग्णालयाचा दाखला जोडून पुन्हा अर्ज. खिडकीवरच्या बाईंनी तरी पहिल्याच पायरीला डॉक्टरचा रिपोर्ट मागितला. नियमाची प्रत दाखवल्यावर माझी दाढी न्याहाळत म्हणाल्या, "पण तुम्ही तर चांगले पुरुष दिसता, तृतीयपंथी कशाला लावून घेता?" काय उत्तर देणार? माझंही तेच म्हणणं होतं. राजपत्रात नाव बदललं, आधार झालं. अडलंय ते रेशनकार्डावर.

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख. म्हणजे आमच्याकडे आई. अर्जावर सही तिची लागते, आणि ती म्हणते, "पुढच्या महिन्यात बघू." बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग मला काय विचारतोस, प्रमुख ती आहे." आणि कूस बदलून झोपले. विचारतोस म्हणाले. सहज, झोपेत. मी तासभर जागा होतो.

दुसऱ्या दिवशी परत ते पुढच्या ओळीत आणि पाठ माझ्याकडे. सदाशिवनगरच्या रिंगणात अश्व धावला, सगळ्यांनी टापांखालची माती कपाळाला लावली. माझं लक्ष फोडाकडे होतं. वाखरीला पाऊस आला, अगदी थोडा.

पंढरपुरात बाबा आणि आत्या पददर्शनाच्या रांगेत लागले. मी चंद्रभागेत पाय बुडवून आलो, नामदेव पायरीला हात लावला, चोखोबांच्या समाधीपाशी टेकलो, कळस पाहिला. माझं एवढ्यावर भागतं. मग आईला फोन लावला. ती म्हणाली, तुळशीमाळ आण, बुक्का आण, चुरमुरे ओले आणू नकोस. मी सहीचं काढलं. ती चिडली.

"तुला नुसती सही दिसते. माणशी पाच किलो येतं. मुलीचं नाव कापलं आणि मुलाचं चढलंच नाही, तर ते पाच किलो कुठून आणू?"

इतके महिने हेच कारण होतं, की हे आत्ता सुचलेलं कारण होतं, मला कळेना. मागे लाऊडस्पीकरवर हरवलेल्यांची नावं पुकारत होते.

"आधी नवं चढवतात का आधी जुनं काढतात," आई म्हणाली, "ते नीट विचारून ये. तोंडी नको, लिहून आण. मग बघते."

वारीहून आल्यावर दोन दिवस पाय सुजलेले होते. तिसऱ्या दिवशी तहसीलच्या पुरवठा शाखेत गेलो. साहेब जेवायला गेले होते.