आठ एमएमच्या ड्रॉवरमधले अडीच सुती

ड्रॉवरवरचं लेबल स्वच्छ छापलेलं होतं: '८ एमएम नट-बोल्ट'. आत मात्र दोन जमाती नांदत होत्या. काही एम-८, म्हणजे मेट्रिक आठ मिमीचे, काही अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कोल्हापुरातलं घर, खालच्या पार्किंगला शटर लावून केलेलं वर्कशॉप, आणि मालक काका, कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर, म्हणजे लेथवर धातू फिरवून कापणारे कारागीर. लेथ जुना, राजकोटचा, इंची मापाचा. त्याचे टूल पोस्टचे आणि मोटर माउंटचे बोल्ट अर्थातच इंची. नंतर बाजारातून जे काही आलं ते मेट्रिक. दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये, कारण डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. काकांच्या पुतण्यानं मोटरसायकलच्या अॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये त्यातलाच एक बोल्ट पाना लावून बसवला आणि केसिंगचे आटे भुशासारखे बाहेर आले. म्हणून मला बोलावणं. माझं रोजचं काम कारखान्यांतल्या टूल क्रिबचं: कपाटं, ड्रॉवर, नोंदी.

"लेबल तर लावलंय की व्यवस्थित," काका म्हणाले. "आनि काय करायचं?"

लेबलात खोटं काही नव्हतं, पण जे विचारायला हवं त्याचं उत्तर त्यात नव्हतं. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. एम-८ बोल्टचा बाहेरचा व्यास पूर्ण आठ कधीच नसतो, आठला थोडा कमीच भरतो. म्हणजे व्हर्नियर (बारीक मापाची सरकपट्टी) लावून हे दोन वेगळे करता येत नाहीत. पान्यावरूनही कळत नाही. एम-८ च्या डोक्याला १३ चा पाना लागतो, अमेरिकन धाटणीच्या ५/१६ ला अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिमी. १३ चा पाना दोन्हींवर निमूट चढतो. फरक आहे तो आट्यांच्या अंतरात. एम-८ ला १.२५ मिमी, ५/१६ ला इंचात १८ आटे, म्हणजे १.४१ मिमी. चुकीचा बोल्ट दोन-तीन आटे हातानं आत जातो, मग अडकतो. जो हातानं अडकला तो पुढे जाणारच नसतो. तिथं पाना लावला की दोघांतलं मऊ असेल ते हरतं, आणि केसिंग अॅल्युमिनियमची होती.

वेगळे करायला पिच गेज, म्हणजे आट्यांना लावून बघायची दातेरी पाती, असेल तर उत्तम. नसेल तर दहा आट्यांची लांबी मोजायची. १२.५ मिमी भरली तर मेट्रिक, १४ च्या जरा वर गेली तर इंची. ढीग मोठा असेल तर तेही जिवावर येतं. मग एक खात्रीचा एम-८ नट आणि एक खात्रीचा ५/१६ नट घ्यायचा आणि प्रत्येक बोल्ट बोटांनी फिरवायचा. नटातून आरपार गेला तरच तो त्याचा. नुसता लागला, दोन फेरे गेला, हे धरायचं नाही. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असेल तर तपासायचीच गरज नाही, तो मेट्रिक. डोक्यावर मध्यातून निघालेल्या तीन किंवा सहा रेघा असतील तर इंची. हे दोन खात्रीचे नट आम्ही तारेत ओवून त्या ड्रॉवरच्या हँडललाच बांधून ठेवले. पेटीत ठेवलेलं गेज कुणी काढून वापरत नाही, हाताशी लटकणारा नट वापरतात.

इंचीमध्येही दोन घराणी आहेत: व्हिटवर्थ म्हणजे बीएसडब्ल्यू, आणि अमेरिकन यूएनसी. आट्यांचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. पण पाव इंचाला दोघांचे २० आटे, ५/१६ ला १८, ३/८ ला १६. घरगुती कामात हे एकमेकांत चालून जातात. शास्त्राला धरून नाही, पण चालतात, आणि मी ते एकाच कप्प्यात ठेवू दिले. अर्धा इंच मात्र वेगळा काढायचा. तिथं बीएसडब्ल्यूला १२ आटे आणि यूएनसीला १३. मेट्रिकचा कायदा १९५६ मध्येच आला, पण कोल्हापूरच्या हार्डवेअरच्या दुकानात आजही 'दोन सुती द्या, तीन सुती द्या' चालतं. हे इतक्यात थांबणार नाही, तेव्हा वर्कशॉपमध्ये दोन्ही भाषांना जागा करून द्यावी लागते. पुढच्या पट्टीला रंग दिले: मेट्रिक निळा, इंची पिवळा. लाल-हिरवी जोडी मी मुद्दाम टाळतो, ती न ओळखता येणारी माणसं बरीच असतात.

दुसरी भानगड त्याच ड्रॉवरची. तो बाहेर ओढताना डावीकडून खाली बसायचा. चॅनेलला, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्टीला, दोष देऊन काकांनी ते एकदा बदललेलंही होतं. ड्रॉवर आतून साधारण ४०० बाय ४५० मिमी आणि ७५ मिमी खोल, म्हणजे साडेतेरा लिटर. मिसळ नट-बोल्टचं एक लिटर सव्वाचार-साडेचार किलोच्या आसपास भरतं. काठोकाठ भरला की साठ किलो. आणि बाजारात मिळणारी साधी बॉल बेअरिंगची टेलिस्कोपिक चॅनेलची जोडी ३५ ते ४५ किलोची, तेही वजन सारखं पसरलेलं असेल तर. इथं चॅनेल बिघडण्याआधी प्लायमधले स्क्रू ढिले झाले होते, म्हणून नवीन चॅनेलही आठवड्यात तसंच लोंबायला लागलं होतं. उपाय एकच. असा माल अर्ध्या भरलेल्या डब्यांत ठेवायचा, दोन ड्रॉवरमध्ये वाटायचा आणि ते दोन्ही ड्रॉवर खालच्या ओळीत न्यायचे. स्क्रूच्या जागी आरपार बोल्ट आणि वॉशर. कपाट भिंतीला अँकर फास्टनरनं बांधलेलं नव्हतं, ते आधी बांधलं. वरचे दोन-तीन जड ड्रॉवर एकदम उघडले तर कपाट पुढे झुकतं, आणि पुढे माणूस असतो.

मग सगळं ताडपत्रीवर ओतलं. इथं लोक घाई करतात आणि लेबल मशीन घेऊन बसतात. पहिल्या फेरीत मी काहीच छापत नाही. वस्तूंचे ढीग कामाप्रमाणे लावतो: कापणं, आटे पाडणं, पकडणं, मोजणं, घासणं, जोडणं. त्यातून जे गेल्या पावसाळ्यापासून हातात आलेलं नाही ते वेगळं. तुटकं, दात गेलेलं, 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेलं याचा निकाल मालकानं लावायचा, मी नाही. दुहेरी सेट बाहेर काढायचे. काकांकडे १० चे सहा पाने निघाले आणि १३ चा एकही नाही, कारण तो लेथखाली पडलेला.

मग मास्किंग टेपवर पेन्सिलनं नावं. हे तीन-चार आठवडे तसंच राहू द्यायचं. या काळात कुठला ड्रॉवर सारखा उघडतोय ते आपोआप दिसतं, आणि नावं खोडली जातात. मात्र टेप महिन्याच्या वर ठेवायची नाही. ती वाळते, निघताना चिकट थर मागे ठेवते आणि तो काढायला थिनर लावला तर कपाटाचा रंगही जातो. केरोसीनच्या बोळ्यानं आधी बघावं.

एका ड्रॉवरवर 'किरकोळ' लिहिलेलं होतं. अशा ड्रॉवरमध्ये निम्मं वर्कशॉप जाऊन बसतं, कारण ठेवणाऱ्याला विचार करावा लागत नाही. त्याच्या जागी आम्ही एक उथळ, बिनझाकणाचा ट्रे ठेवला, 'ठरायचं आहे' असं लिहून. ट्रे भरला की रिकामा करायचा. बिनझाकणाचा मुद्दाम, म्हणजे डोळ्यांवर येत राहतो.

टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) आणि ड्रिलच्या ड्रॉवरवर सगळ्यात जास्त वेळ गेला. बहुतेकांकडे टॅप एका ड्रॉवरमध्ये आणि ड्रिल दुसऱ्यात असतात. पण एम-६ चा टॅप हातात घेणाऱ्याला पुढच्या मिनिटाला ५ चा ड्रिल लागणारच असतो. म्हणून एका कप्प्यात पूर्ण जोडी ठेवायची. एम-४ बरोबर ३.३, एम-५ बरोबर ४.२, एम-६ बरोबर ५, एम-८ बरोबर ६.८, एम-१० बरोबर ८.५, एम-१२ बरोबर १०.२. शेजारी आरपार भोकाचा ड्रिल: एम-५ ला ५.५, एम-६ ला ६.६, एम-८ ला ९, एम-१० ला ११. हे आकडे कप्प्यावरच लिहिले की तक्ता शोधावा लागत नाही. हँड टॅपचा तीनचा सेट असतो. दांड्यावर एक रिंग तो पहिला, दोन रिंगा तो दुसरा, बिनरिंगेचा शेवटचा. काकांच्या एम-६ च्या सेटमध्ये दोन शेवटचे होते आणि पहिला नव्हताच. म्हणूनच त्यांचे टॅप सारखे मोडत होते. हे सेट जोडीनं लावायला बसल्यावरच सापडलं, गठ्ठ्यात कधीच दिसलं नसतं. ड्रिलसाठी सागाच्या ठोकळ्यात भोकं पाडली आणि प्रत्येक भोकाजवळ माप ठोकलं. दांड्यावरचं छापील माप चकच्या घर्षणानं जातं, आणि ६.५ आणि ६.८ डोळ्यांनी ओळखू येत नाहीत.

कानशी एकमेकींवर पडू द्यायच्या नाहीत. कानस कानशीवर घासली की दोघींचे दात बोथट होतात. प्रत्येकीला खाच, आणि लेबलवर लांबी, आकार, दाताचा प्रकार: '१० इंची चपटी बास्टर्ड', '८ इंची अर्धगोल स्मूथ'. गंज नको म्हणून कानशीला तेल लावू नये, कामावर घसरते. मोजमापाच्या ड्रॉवरमध्ये कानस कधीच नाही. तिथं काकांचा मायक्रोमीटर घट्ट बंद करून ठेवलेला होता. तो तोंडं किंचित उघडी ठेवून ठेवावा. बंद ठेवला तर गरमीत तोंडांवर ताण येतो आणि ओलावा धरून तिथंच गंज बसतो.

फोमचं काम मी जपून करतो. स्वस्त पीयू फोम कोल्हापूरच्या जुलैमध्ये ओलावा धरतो आणि काही वर्षांनी भुगा होतो, त्यात ठेवलेलं हत्यार खालच्या बाजूनं गंजतं. ईव्हीए फोम घ्यावा, ३० मिमी जाड, दोन रंगी. वरचा काळा, खालचा पिवळा. हत्यार जागेवर नसेल तर पिवळं दिसतं. वस्तू निम्मी बुडेल इतकाच खोल कापायचा, आणि बोट घालायला अर्धगोल खाच ठेवायची. ती विसरली तर वस्तू पेचकसानं उकरून काढावी लागते. सिलिका जेलच्या पुड्या लोक ड्रॉवरमध्ये टाकतात, पण रोज उघडणाऱ्या ड्रॉवरमध्ये ती ओलाव्यानं पटकन भरून जाते. ती झाकणाच्या डब्यात टाकावी. बाकी ठिकाणी तेलाचा हलका हात किंवा गंजरोधक कागद.

लेबल छापायचं शेवटी. फोनवरून चालणारे छोटे प्रिंटर देवनागरी देतात, पण त्यांचा कागद थेट उष्णतेनं काळा होणारा असतो. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात तो फिकट पडतो, थिनरचं बोट लागलं की अक्षर वाचता येत नाही. ड्रॉवरच्या तोंडावर लॅमिनेटेड टेप लावावी. या टेपच्या मशीनवर बहुधा देवनागरी नसते. तेव्हा नाव देवनागरीत हवं असेल तर कॉम्प्युटरला जोडणारं मशीन घ्यावं. १२ मिमीची पट्टी इंग्रजी अक्षरांना पुरते. देवनागरीत वरची वेलांटी आणि खालचा उकार बसवायचा म्हटलं की अक्षर बारीक होतं, म्हणून १८ मिमी. पावडर कोटिंगचा खडबडीत पृष्ठभाग असेल तर साधी टेप कोपऱ्यातून उठते, जादा चिकट प्रकार मागावा. लावायच्या आधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, तेलाच्या हातानं नाही. वर सेलोटेप लावू नये, ती पिवळी पडते आणि लेबलसकट उठते.

काय लिहायचं? आधी ड्रॉवरचा पत्ता, 'ख-३', म्हणजे दुसऱ्या कपाटातला वरून तिसरा. मग नाव, मग मापाची हद्द. त्या भांडणाच्या ड्रॉवरवर आता दोन ओळी आहेत: 'एम-८ × १.२५' आणि 'पाना १३, अॅलन ६' (अॅलन म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेल्या बोल्टची किल्ली). शेजारच्यावर 'अडीच सुती' वर आणि '५/१६, १८ आटे' खाली, कारण काका सुतात मागतात आणि पुतण्या अपूर्णांकात. आतल्या सुट्या डब्यांनाही स्वतःचं लेबल हवं. डबे ड्रॉवर बदलतात आणि मग बाहेरचं लेबल खोटं ठरतं. प्रत्येक पाच ड्रॉवरमागे एक रिकामा ठेवून त्यावर नुसता पत्ता लावला. दाराला एका पानाची यादी, हत्याराच्या नावानं, कपाटाच्या क्रमानं नव्हे. शोधणाऱ्याला हत्याराचं नाव माहीत असतं, जागा माहीत नसते.

केसिंगचं भोक हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून पुन्हा एम-८ झालं. अर्धा इंची बोल्टांची बादली मात्र तशीच ठेवून आलो. पुतण्याला पिच गेज दिलंय, १२ आटे एका डब्यात, १३ दुसऱ्यात. तोवर त्या बादलीवर मास्किंग टेप आहे आणि तिच्यावर पेन्सिलनं 'न तपासलेले' लिहिलंय.