पुलाला ओळंबा

भरूचच्या गोल्डन ब्रिजची जी दीर्घ एक्स्पोजरची, म्हणजे शटर कितीतरी सेकंद उघडे ठेवून घेतलेली, छायाचित्रे मी पहिल्या खेपेस काढून आणली, त्यांत सगळे खांब वरच्या अंगाला एकमेकांकडे झुकलेले होते आणि पूल नर्मदेवरून मागे कलंडतो आहे असे वाटत होते. चूक माझीच होती. मी काठाखालच्या चिखलात उभा होतो, पूल उंच होता, आणि वरचा लोखंडी सांगाडा चौकटीत मावावा म्हणून मी कॅमेऱ्याचे तोंड वर केले होते. सेन्सरचे, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पटलाचे, प्रतल खांबांना समांतर राहिले नाही की उभ्या रेषा वर जाऊन मिळू पाहतात. यात लेन्सचा काही दोष नसतो.

वडोदऱ्याला परतल्यावर सॉफ्टवेअरमध्ये त्या रेषा सरळ केल्या, तेव्हा दुसरेच दुखणे उभे राहिले. रेषा सरळ करायच्या म्हणजे चित्राचा वरचा भाग रुंदीत ताणायचा. ताणलेले कोपरे चौकटीबाहेर गेले आणि त्यांच्याबरोबर डावीकडचा अर्धा गाळाही (दोन खांबांमधला पुलाचा भाग) गेला. पाण्याला ताण सहन होतो, कारण तीस सेकंदांत ते दुधासारखे सपाट झालेले असते. पण 1881 साली वाहतुकीला खुल्या झालेल्या त्या पुलाच्या तिरकस लोखंडी पट्ट्या ताणल्या की कडांना भुसभुशीत दिसतात आणि गाळ्यांच्या उंची-रुंदीचे प्रमाणही बिघडते. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की दीर्घ एक्स्पोजरच्या चित्रातले यथार्थदर्शन, म्हणजे उभ्या आणि दूर जाणाऱ्या रेषा कशा दिसतात ते, शटर दाबण्याआधीच, जागेवर, ठरवावे आणि घरी फक्त उरलेसुरले एक-दोन अंश दुरुस्त करावेत.

जागेवर ठरवायचे म्हणजे कॅमेरा पाणसळीत, म्हणजे अगदी समपातळीत, ठेवायचा, वर किंवा खाली मुळीच झुकवायचा नाही. मग पुलाचा माथा चौकटीत कसा घ्यायचा, असा प्रश्न येतो. शिफ्ट लेन्स असेल तर कॅमेरा न हलवता लेन्स वर सरकवता येते. ती महाग आहे आणि माझ्याकडे नाही, म्हणून मी कॅमेरा उभा धरतो, रुंद कोनाची लेन्स लावतो आणि खालचा नको असलेला भाग नंतर कापून टाकतो. चोवीस मेगापिक्सेलमधले सात-आठ गेले तरी भिंतीवर लावण्याजोगे चित्र हाती उरते. शिवाय नदीवर हा तोटा फार जाणवत नाही, कारण सरळ धरलेल्या कॅमेऱ्यात खालचा अर्धा भाग पाण्याचा येतो आणि दीर्घ एक्स्पोजरमध्ये आपल्याला पाणीच तर हवे असते.

पाणसळ पाहायची ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर. काठाच्या रेषेवर विसंबू नये. हे मला वडोदऱ्यातल्या विश्वामित्री नदीने शिकवले. तिथल्या काळा घोडा चौकाजवळच्या जुन्या कमानींच्या पुलाचे चित्र घेताना समोरचा काठ तिरका दिसतो म्हणून मी कितीतरी वेळ ट्रायपॉडचे पाय खालीवर करत होतो. वास्तविक तो काठ माझ्यापासून तिरपा दूर जात होता, आणि दूर जाणारी पाण्याची कड कॅमेरा अगदी सरळ असतानाही चित्रात उतरतीच दिसते. तिला क्षितिज समजून आडवी केली की बिचारा पूल कलतो. (याच खटपटीत मी उतारावरून आणखी खाली सरकलो, तेव्हा वरून कोणीतरी ओरडले, "काका, त्यां मगर छे!" विश्वामित्रीत भर शहरात मगरी आहेत, हे प्रत्येक वडोदेकराला पाठ असते आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की नेमके तेच विसरले जाते.)

मग भरवसा कशावर ठेवायचा? खांबांवर ठेवावा, पण त्यांच्या कडांवर नव्हे. दगडी खांब बहुधा वर निमुळते होत जातात, त्यामुळे त्यांची कड उभी केली की खांबाचा मधला अक्ष तिरका होतो. म्हणून मी दोन्ही कडांच्या मधोमध काल्पनिक रेषा धरतो. त्याहून चांगला मार्ग दिवेलागणीनंतर सापडतो. पाण्यावर तुटक हलणारी दिव्यांची प्रतिबिंबे वीस-तीस सेकंदांत एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक दिव्याखाली प्रकाशाचा एक उभा पट्टा उमटतो. वस्तू आणि तिचे प्रतिबिंब एकाच उभ्या रेषेत असल्यामुळे हे पट्टे म्हणजे नदीनेच सोडलेले ओळंबे होत. सगळे पट्टे एकाच बाजूला सारखे कलले असतील तर कॅमेरा बाजूला झुकला आहे, आणि ते पंख्यासारखे पसरले असतील तर तो वर किंवा खाली झुकला आहे. डोळ्यांना हे कधीच इतके स्पष्ट दिसत नाही. पहिले चाचणीचे चित्र मी आता एवढ्याचसाठी घेतो.

रचनेत मला एकच गोष्ट खुपते, ती म्हणजे अर्धवट कोन. पूल समोरून घ्यायचा तर अगदी समोरून घ्यावा, म्हणजे मधल्या गाळ्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे गाळे पडद्यावरच्या जाळीत सारख्याच रुंदीचे भरतात का ते मोजावे. तिरपा घ्यायचा तर ठाम तिरपा घ्यावा, खांब भराभर लहान होत जाऊ द्यावेत. तीन-चार अंशांचा तिरपेपणा पाहणाऱ्याला हेतू वाटत नाही, चूक वाटते. आणि खांब किती वेगाने लहान होतात हे आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरते, लेन्सच्या लांबीवर नाही. म्हणून आधी पायी फिरून जागा ठरवावी आणि मग लेन्स निवडावी. गोल्डन ब्रिजच्या शेजारी 2021 पासून नर्मदामैया पूलही आहे, त्यामुळे जुने लोखंड आणि नवे काँक्रीट एकमेकांत मिसळणार नाही अशी जागा शोधण्यातच माझा पाऊण तास जातो.

एक्स्पोजरचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. मावळतीनंतर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक (मीटर) 1/30 सेकंद सांगत असेल तर लेन्सपुढे लावायचा दहा स्टॉपचा गडद फिल्टर (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) प्रकाश 1024 पटींनी कमी करतो आणि शटर सुमारे 34 सेकंद उघडे ठेवावे लागते. चौकट आणि फोकस फिल्टर लावण्याआधीच पक्के करावेत. ट्रायपॉड पुलावर ठेवू नये, कारण ट्रक गेला की पूल थरथरतो.

गेल्या खेपेस भरूचला ओहोटी होती आणि पाण्याची कड खांबांवरच्या ओल्या पट्ट्याच्या खाली उतरली होती. कॅमेरा पाणसळीत होता. घरी आल्यावर दुरुस्ती अर्ध्या अंशाचीच निघाली, आणि उंच पुलाचे खांब गणिताने नेमके उभे केले की ते डोळ्यांना वर फाकल्यासारखे भासतात, म्हणून तीही मी पूर्ण केली नाही.