नवा राउटर, जुन्या भिंती

बेळगाव, रविवार.

शहापुरातल्या आमच्या घरी आज टेलिफोनच्या तारेवरचे जुने इंटरनेट बंद होऊन फायबर आले. जोडणी करायला आलेला तरुण बैलहोंगलकडचा होता, त्यामुळे आप्पांच्या आणि त्याच्या कन्नडमध्ये निवांत गप्पा झाल्या. हिरवा दिवा स्थिर झाल्यावर त्याने मोबाइलवर वेग दाखवला आणि तो पुढच्या घरी गेला. घरातले नेटवर्क मार्गी लावण्याचे काम खरे तर त्यानंतर सुरू झाले.

राउटर उलटा करून खालच्या लेबलाचा फोटो काढून ठेवला, कारण एकदा तो भिंतीवर चढला की ती बारीक अक्षरे कोणी वाचत नाही. सेटिंगच्या पानाचा मूळ पासवर्ड लगेच बदलला. वायफायला मात्र जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. कोणते नेटवर्क आपले, हे उपकरणे नावावरून आणि पासवर्डवरूनच ठरवतात, त्यामुळे घरातले सगळे मोबाइल आणि टीव्ही कोणी हात न लावता जोडले गेले. म्हाताऱ्या प्रिंटरला डब्ल्यूपीए-३ ही नवी सुरक्षा पद्धत कळत नाही, म्हणून त्याच्यासाठी डब्ल्यूपीए-२ चालू ठेवावी लागली.

अडचण होती ती भिंतींची. आमचे घर जुन्या पद्धतीचे, एकामागे एक खोल्या असलेले, आणि मधल्या भिंती हातभर रुंदीच्या दगडमातीच्या आहेत. वायफायच्या दोन लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झचा वेग सोप्यात डोळ्यांत भरतो, पण स्वयंपाकघरापर्यंत तो पोहोचत नाही, २.४ गिगाहर्ट्झ पोहोचतो, तोही धापा टाकत. अशा घरात महागडा राउटर घेण्यापेक्षा मागपर्यंत एक केबल ओढणे शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुना राउटर टाकून न देता मागच्या खोलीत लावला. त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ ऐवजी १९२.१६८.१.२ केला, उपकरणांना पत्ते वाटण्याचे त्याचे डीएचसीपीचे काम बंद केले, आणि केबल दोन्हीकडे लॅन पोर्टमध्येच, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या खाचेतच, लावली. असे केले नाही, तर पत्ते वाटणारे दोघे होऊन घोळ होतो. आणि ज्या राउटरांना बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीचा वेगळा वॅन पोर्ट असतो त्यांत केबल तिकडे लावली, तर मागच्या खोलीचे वेगळेच नेटवर्क तयार होऊन तिथल्या मोबाइलला पुढचा प्रिंटर सापडत नाही. लहरी एकमेकांच्या आड येऊ नयेत म्हणून दोघांचे वायफाय चॅनेलही वेगळे ठेवले, पुढे १ आणि मागे ११. जुन्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच आहेत, पण आईच्या कीर्तनाच्या व्हिडिओंना तेवढे पुरून उरते.

संध्याकाळी वीज गेली आणि इंटरनेटही गेले. ‘पूर्वी अंधारातही फोन वाजायचा,’ असे आप्पा म्हणाले, आणि ते खरेच आहे: तांब्याच्या तारेतून टेलिफोनला एक्सचेंजकडूनच वीज मिळत असे, काचेच्या तंतूतून मात्र फक्त प्रकाश येतो. उद्या खडेबाजारात राउटरसाठी छोटा यूपीएस पाहायचा आहे. अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिले आहे. अँपिअरचा आकडा तेवढा निघण्यापूर्वी टिपून घ्यायचा.